विश्लेषण : भारताकडून एकही सामना न खेळलेला फलंदाज विश्वविजेता प्रशिक्षक कसा झाला?

नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री हरमनप्रीत कौरने नादिन डी क्लर्कचा झेल टिपला आणि भारतीय महिला संघाने पहिल्यांदा एकदिवसीय विश्वचषक जिंकला. त्यानंतर हरमनप्रीतने वाकून प्रशिक्षकाच्या पायाला हात लावला. ते छायाचित्र दुसऱ्या दिवशी मोबाइलच्या पडद्यापडद्यावर फिरले. ज्यांच्या पायाला हात लागला त्या अमोल मुझुमदार यांनी भारतासाठी एकही कसोटी, एकदिवसीय वा ट्वेन्टी-२० सामना खेळलेला नाही. ‘दुर्दैवी खेळाडूला अखेर न्याय मिळाला’ अशा मथळ्यांखाली ही गोष्ट सांगितली गेली. भावनेच्या दृष्टीने ते ठीकच आहे. पण मुझुमदार केवळ दैवाने विश्वविजेते प्रशिक्षक झालेले नाहीत. जो वीस वर्षे देशांतर्गत क्रिकेटमध्ये राबला, त्याच्याकडे नेमके काय असते आणि आपल्या क्रिकेट संघटना त्याचा किती उपयोग करतात, हा या कथेतला खरा प्रश्न आहे. नाशिकसारख्या जिल्ह्याला तर तो जास्तच लागू आहे.

मुझुमदार यांची वाट अडली कुठे?

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. त्या डावात पुढचा फलंदाज पॅड बांधून बसलेला होता. तो तेरा वर्षांचा अमोल मुझुमदार. त्याची पाळी आलीच नाही. पुढे ही आठवण त्यांच्या साऱ्या कारकीर्दीचे रूपक म्हणून इतक्या वेळा सांगितली गेली की, ते फलंदाजीला आल्यावर काय घडले हे सांगायचे राहूनच जाते.

१९९३-९४ च्या हंगामात मुंबईकडून हरियाणाविरुद्ध फरिदाबादला पदार्पण करताना त्यांनी २६० धावा केल्या. प्रथम श्रेणी पदार्पणातील ती तेव्हाची जगातील सर्वोच्च खेळी. तो विक्रम २०१८ मध्ये मध्य प्रदेशच्या अजय रोहेराने नाबाद २६७ धावा करून मोडला. म्हणजे जवळपास पाव शतक तो टिकला. कारकीर्द संपली तेव्हा त्यांच्या नावावर १७१ प्रथम श्रेणी सामने, ११,१६७ धावा आणि ३० शतके होती, सरासरी ४८.१३. रणजी करंडकातील सर्वाधिक धावांचा विक्रमही काही काळ त्यांच्याकडे होता. तो पुढे वसीम जाफरने मागे टाकला.

मग निवड का झाली नाही? उत्तर फार गुंतागुंतीचे नाही. १९९६ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर सौरव गांगुली आणि राहुल द्रविड यांनी पदार्पण केले, त्याच वर्षाअखेर व्ही. व्ही. एस. लक्ष्मण आला आणि तेंडुलकर तर आधीपासून होताच. मधल्या फळीतल्या या चार जागा पुढची बारा-पंधरा वर्षे रिकाम्या झाल्याच नाहीत. बिशनसिंग बेदी असल्यामुळे पद्माकर शिवलकर यांना ५८९ प्रथम श्रेणी बळी घेऊनही कसोटी मिळाली नाही, तसलाच हा प्रकार. निवड समितीला दोष देऊन समाधान होत असेल तर द्यावा. पण त्या चौघांतला कोणाला बसवायचे होते, हे दोष देणाऱ्याने सांगितले पाहिजे.

या कारकीर्दीत जास्त बोलके वळण त्यानंतर येते. २००६-०७ मध्ये मुझुमदार मुंबईचे कर्णधार होते. हंगामाची सुरुवात पराभवांनी झाली. उपांत्य सामन्यात बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात मुंबईची अवस्था शून्य धावांवर पाच बाद अशी होती. फलकावर धाव नाही आणि निम्मा संघ तंबूत! तरीही मुंबईने तो सामना जिंकला आणि अंतिम सामन्यात बंगालला हरवून करंडकही उचलला. इतके होऊनही २००९ मध्ये त्यांनी मुंबई सोडली आणि आसामची वाट धरली. शेवटचे हंगाम ते आंध्रकडून खेळले आणि २०१४ मध्ये निवृत्त झाले.

मुंबईच्या खेळाडूला आसामला जाणे म्हणजे काय, हे क्रिकेट पाहणाऱ्याला सांगायला नको. एका बाजूला जिंकण्याची सवय लागलेली ड्रेसिंग रूम. दुसऱ्या बाजूला सामना अनिर्णित राहिला तरी हायसे वाटणारा संघ. तिथल्या तरुणांना ‘आमच्या मुंबईत असे असते’ हे ऐकवून काही उपयोग नसतो. त्यांच्याकडे जे आहे त्यातून धावा काढून दाखवाव्या लागतात. अनुभवी खेळाडू दुसऱ्या राज्यात जातो तेव्हा तो अर्धा प्रशिक्षक झालेलाच असतो, फक्त हुद्दा मिळालेला नसतो.

‘मॅनेजर’ म्हणजे नेमके कोण?

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये अशा खेळाडूंची मोठी परंपरा आहे. संघ बदलत, कधी बाकावर बसून, कधी दुय्यम लीगमध्ये बसप्रवास करत कारकीर्द काढणारा खेळाडू. मराठीत त्याला कारागीर खेळाडू म्हणता येईल. यांच्यातलेच अनेक जण पुढे ‘मॅनेजर’ होतात. तिथला मॅनेजर म्हणजे हॉटेल आणि विमानाची तिकिटे पाहणारा नव्हे. तर कोण खेळणार, कोणत्या क्रमाने खेळणार, गोलंदाज कधी बदलायचा हे ठरवणारा माणूस. ब्रूस बोची हा नऊ हंगामांत जेमतेम साडेतीनशे सामने खेळलेला राखीव कॅचर. मॅनेजर म्हणून मात्र त्याने २०१०, २०१२, २०१४ आणि २०२३ अशा चार वर्ल्ड सिरीज जिंकल्या. टॉमी लासोर्डाने गोलंदाज म्हणून मोठ्या लीगमधले फक्त २६ सामने खेळले आणि एकही विजय त्याच्या नावावर लागला नाही. पुढे त्याने डॉजर्स संघ दोन दशके सांभाळला आणि दोन वेळा अजिंक्य केला.

भारतात ‘मॅनेजर’ हा शब्द बराच काळ वेगळ्या अर्थाने वापरला गेला. दौऱ्यावर संघाबरोबर मंडळाचा व्यवस्थापक जाई आणि खेळाचे कर्णधार पाही. या व्यवस्थेतही मॅनेजरची गरज कशी पडते याचे एक उदाहरण आहे आणि त्यात नाशिकचा माणूस आहे. १९८१ मध्ये मेलबर्न कसोटीत पायचीतच्या निर्णयावर संतापलेले सुनील गावस्कर जोडीदार चेतन चौहान यांना घेऊन मैदानाबाहेर निघाले. सीमारेषेवर व्यवस्थापक विंग कमांडर शाहीद दुर्राणी आणि सहायक व्यवस्थापक बापू नाडकर्णी पुढे आले, चौहान यांना थांबवले आणि दिलीप वेंगसरकर फलंदाजीला उतरले. ते झाले नसते तर भारताला सामना सोडावा लागला असता. प्रत्यक्षात ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव ८३ धावांत आटोपला आणि भारत जिंकला. नाडकर्णी यांचा जन्म १९३३ चा, नाशिकचा. १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग २१ षटके निर्धाव टाकणारे तेच. ते काही कारागीर वर्गातले नव्हेत, ४१ कसोटी खेळलेले आहेत. पण डोके थंड ठेवण्याची गरज मैदानाबाहेरच्या माणसालाच जास्त असते, हे त्या दिवशी दिसले.

पुढे १९९० च्या दशकात बेदी आणि अजित वाडेकर यांना मंडळाने ‘क्रिकेट मॅनेजर’ म्हणूनच नेमले होते. ‘कोच’ हा शब्द २००० मध्ये जॉन राइट आले तेव्हापासून पक्का झाला.

मोठा खेळाडू मोठा प्रशिक्षक होत नाही का?

होतोही. द्रविड यांनी २०२४ मध्ये ट्वेन्टी-२० विश्वचषक जिंकून दिला. दुसऱ्या बाजूला ग्रेग चॅपेल यांच्यासारख्या थोर फलंदाजाची २००५ ते २००७ ही भारतीय कारकीर्द आठवावी. आणि जॉन बुकॅनन यांनी क्वीन्सलँडकडून जेमतेम सात प्रथम श्रेणी सामने खेळून ऑस्ट्रेलियाला २००३ आणि २००७ चे विश्वचषक जिंकून दिले. तेव्हा ‘जो स्वतः यशस्वी झाला नाही तोच शिकवू शकतो’ हे सूत्र खोटे आहे. अपयश ही काही पात्रता नव्हे. देशांतर्गत क्रिकेटमध्ये वीस वर्षे काढूनही काहीच न शिकलेले खेळाडूही ढिगाने आहेत.

मुद्दा वेगळा आहे. असामान्य फलंदाजाला चेंडूची लांबी आपोआप कळते. ती कशी कळते हे त्याला अनेकदा सांगता येत नाही, कारण त्याने ते कधी टप्प्याटप्प्याने शिकलेलेच नसते. सामान्यांतल्या चांगल्या खेळाडूला प्रत्येक गोष्ट जोडून, घासून, विचारून मिळवावी लागते. तंत्र बिघडले की ते पुन्हा बसवावे लागते. वगळल्यावर सोमवारी सकाळी नेटमध्ये कोणत्या चेहऱ्याने जायचे हे त्याला ठाऊक असते. संघात पंधरा जण असतात, अकरा खेळतात. उरलेल्या चौघांशी काय बोलायचे, ही प्रशिक्षकाची निम्मी नोकरी आहे. आणि जो कधी बाकावर बसलाच नाही, त्याला ती अवघड जाते.

खुद्द मुंबई क्रिकेटची परंपरा याची साक्ष देते. मुझुमदार यांचे गुरू रमाकांत आचरेकर आयुष्यात एकच प्रथम श्रेणी सामना खेळले, तोही स्टेट बँकेच्या संघाकडून मोइनुद्दौला चषकात. २०२३-२४ मध्ये मुंबईला रणजी करंडक जिंकून देणारे प्रशिक्षक ओंकार साळवी यांच्या नावावर तर एकच लिस्ट ‘ए’ सामना आहे. त्यांचे बंधू आविष्कार साळवी हे भारताकडून चार एकदिवसीय सामने खेळलेले. विश्वचषक जिंकणाऱ्या महिला संघाचे गोलंदाजी प्रशिक्षक तेच होते.

विश्वचषकात हे कुठे दिसले?

मुझुमदार यांना हे पद ऑक्टोबर २०२३ मध्ये मिळाले. त्याआधी राजस्थान रॉयल्सचे फलंदाजी प्रशिक्षक, २०१९ च्या भारत दौऱ्यात दक्षिण आफ्रिकेचे हंगामी फलंदाजी प्रशिक्षक आणि २०२१ पासून मुंबईचे मुख्य प्रशिक्षक अशी त्यांची चाल होती. महिला संघाबरोबरची सुरुवात काही डोळे दिपवणारी नव्हती. २०२४ च्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात श्रीलंकेने हरवले. त्याच वर्षी ट्वेन्टी-२० विश्वचषकात संघ गटातच गारद झाला. ‘ज्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेट पाहिले नाही तो काय शिकवणार’ हा सूर तेव्हा निघालाच होता.

मायदेशातल्या विश्वचषकात तर दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून भारत सलग तीन सामने हरला. इंदूरला इंग्लंडविरुद्ध अवघ्या चार धावांनी. त्या सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जला वगळले होते. पुढच्याच सामन्यात तिला परत घेतले, एवढेच नव्हे तर तिसऱ्या क्रमांकावर पाठवले. न्यूझीलंडविरुद्ध तिने नाबाद ७६ केल्या. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना त्याच क्रमांकावर नाबाद १२७. महिला एकदिवसीय क्रिकेटमधला तो सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग. प्रतिका रावल जखमी झाल्यावर मूळ संघातच नसलेली शेफाली वर्मा बोलावली गेली. तिने अंतिम सामन्यात ८७ धावा केल्या आणि दोन बळीही घेतले. भारताच्या २९८ धावांना उत्तर देताना दक्षिण आफ्रिका २४६ मध्ये बाद झाली. दीप्ती शर्माने अर्धशतक ठोकले, वर पाच बळी.

यातले श्रेय खेळाडूंचे. पण वगळलेल्या खेळाडूला चार दिवसांत अधिक मोठी जबाबदारी देणे हा निर्णय कागदावर सोपा नसतो. वगळणे चूक होते, असे त्यातून जाहीर कबूल होते आणि अनेक प्रशिक्षक तेवढ्यासाठीच चूक पुढे रेटतात. २००६-०७ ची मुंबई ज्याने पराभवांतून बाहेर काढली होती, त्याला तीन पराभवांनंतर संघ उलथापालथ करायचा नसतो, एखाददुसरा सांधा बदलायचा असतो, हे माहीत होते असे म्हणायला जागा आहे.

पंडित यांच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही

मुझुमदार यांच्या आधी हा धंदा भारतात प्रतिष्ठेचा केला तो चंद्रकांत पंडित यांनी. यष्टिरक्षक, पाच कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने. किरण मोरे असल्यामुळे संघात कायमची जागा नाही. मग मध्य प्रदेशात गेले. १९९९ च्या रणजी अंतिम सामन्यात त्यांच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेशने बेंगळुरूत कर्नाटकविरुद्ध पहिल्या डावात आघाडी घेतली आणि शेवटच्या दिवशी सामना गमावला. प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी मुंबईला तीन वेळा (२००३, २००४, २०१६) आणि विदर्भाला लागोपाठ दोन वेळा (२०१८, २०१९) करंडक मिळवून दिला. जून २०२२ मध्ये त्याच चिन्नास्वामी स्टेडियमवर मध्य प्रदेशला पहिल्यांदा विजेते केले. त्या सामन्यात हरलेला संघ मुंबई, आणि मुंबईचे प्रशिक्षक मुझुमदार. कारागिरांची ही गाठभेट क्रिकेटच्या जाहिरातीत बसणारी नाही, त्यामुळे फारशी कोणाच्या लक्षातही राहिली नाही.

दोघांच्या पद्धती मात्र पूर्ण वेगळ्या. पंडित कडक, शिस्त, वेळ, पहाटेचा सराव. काही खेळाडूंना ती शिस्त जाचली आहे आणि आयपीएलच्या मोठ्या नावांच्या तंबूत ती कितपत चालते याबद्दल शंका रास्त आहेत, जरी २०२४ चे आयपीएल कोलकाता नाइट रायडर्सने त्यांच्याच काळात जिंकले. मुझुमदार कमी बोलणारे. त्यामुळे एकच साचा असतो असे मानण्याचे कारण नाही. समान धागा इतकाच की दोघांनीही दुसऱ्या राज्याच्या ड्रेसिंग रूममध्ये पाहुणा म्हणून पाऊल ठेवले आहे.

विदर्भाचे उदाहरण महाराष्ट्राने नीट पाहण्यासारखे आहे. जो संघ कधी अंतिम फेरीत नव्हता, तो दोन वर्षे विजेता झाला. वसीम जाफरसारखे अनुभवी खेळाडू होते, अकादमी होती, पण शिकवणारा माणूसही बाहेरून आणून टिकवला होता. महाराष्ट्राच्या संघाने रणजी करंडक शेवटचा जिंकला तो १९४०-४१ मध्ये.

नाशिकसाठी याचा अर्थ काय?

नाशिक मुंबईला रेल्वेने जवळ आणि क्रिकेटने लांब. जिल्हा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेत येतो. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या गोल्फ क्लबवर, रणजी सामने होतात. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र-बडोदा सामना इथेच झाला. सत्यजित बच्छाव हा इथला डावखुरा फिरकीपटू महाराष्ट्राच्या संघात अनेक हंगाम आहे. रामकृष्ण घोषला चेन्नई सुपर किंग्जने घेतले. सिन्नरची लेगस्पिनर माया सोनवणे २०२२ च्या महिला ट्वेन्टी-२० चॅलेंजमध्ये आपल्या विलक्षण शैलीमुळे देशभर चर्चेत आली. ही नावे अभिमानाने घेतली जातात, घ्यावीतही.

पण या प्रत्येक नावामागे त्याच नेटमध्ये घाम गाळून चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी थांबलेली मुले-मुली आहेत. जिल्हा खेळले, निमंत्रितांच्या स्पर्धा खेळले, पुण्याच्या निवड चाचण्यांना पहाटेची बस पकडून गेले, राज्याच्या संभाव्य यादीपर्यंत पोचले आणि तिथेच थांबले. पूर्वी अशा खेळाडूला बँक, रेल्वे, टाटा, निरलॉन, मफतलाल अशा कचेऱ्या नोकरी देत. आचरेकर यांच्यामागे स्टेट बँक होती. कचेरी क्रिकेट आटले, तसा हा आधार गेला. आज रणजी संघात पोचलेल्याला अनुभवानुसार दिवसाला ४० ते ६० हजार रुपये मानधन मिळते. त्याच्या एक पायरी खाली थांबलेल्याच्या हाती मात्र काहीच नसते. मग तो उन्हाळी शिबिर काढतो, सोसायटीच्या टर्फवर सात-आठ वर्षांच्या मुलांना सरळ बॅटने खेळायला शिकवतो, किंवा किटबॅग माळ्यावर टाकून दुकानात बसतो.

प्रशिक्षक याच थरातून तयार होतात. मंडळाचे टप्प्याटप्प्याचे प्रशिक्षण अभ्यासक्रम आहेत; पण प्रमाणपत्र मिळाल्यावर पुढे काय, याचे उत्तर जिल्ह्यात नाही. राज्य संघांचे प्रशिक्षकही बहुधा हंगामापुरते नेमले जातात आणि दोन पराभवांत बदलले जातात. मुझुमदार यांना तीन पराभवांनंतर हटवले असते तर? महिला संघाच्या बाबतीत मंडळाने धीर धरला, राज्य संघटना तो धरतील अशी चिन्हे फारशी नाहीत. पालकही शिबिर निवडताना ‘सर भारताकडून खेळलेत का’ हेच आधी विचारतात. या निकषावर आचरेकर यांच्याकडे कोणी मुलगा पाठवला नसता.

महिलांच्या बाबतीत तर हा प्रश्न दुप्पट आहे. भारतीय महिला संघाला अलीकडच्या काळात तुषार आरोठे, डब्ल्यू. व्ही. रामन, रमेश पोवार, मुझुमदार असे पुरुष प्रशिक्षक लाभले. पूर्णिमा राव यांना २०१७ च्या विश्वचषकाच्या तोंडावर बाजूला केले गेले, त्यानंतर पूर्णवेळ पदावर महिला आलेली नाही. देशांतर्गत खेळून निवृत्त झालेल्या महिलांची संख्या आता कुठे वाढते आहे. सिन्नर, निफाड, मालेगावच्या मुलींना शिकवायला त्यांच्याच वाटेने गेलेल्या ताई हव्यात आणि त्यांना महिन्याचा पगार हवा.

महाराष्ट्र क्रिकेट संघटनेला यासाठी फार मोठा खर्च नाही. जिल्ह्यात दोन-तीन पूर्णवेळ प्रशिक्षक, किमान तीन वर्षांच्या करारावर, त्यात एक तरी महिला. अभ्यासक्रम पुण्याबरोबर नाशिकलाही. आणि राज्याच्या संभाव्य यादीतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूला ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणण्याऐवजी त्याच आठवड्यात अभ्यासक्रमाचा अर्ज हातात देणे. नव्या हंगामाच्या निवड चाचण्यांची यादी लागेल तेव्हा नाशिकची चार-पाच नावे त्यात असतील आणि वीस-पंचवीस नसतील. त्या वीस-पंचवीस जणांना कोण फोन करणार, हे अजून कोणाच्याच कामाच्या यादीत लिहिलेले नाही.